समुद्रावरचं बोलणं किनाऱ्यानं का ऐकू नये?

जहाजांच्या रेडिओवरच्या चॅनल 16 वर गुपित असं काही नसतं. 156.8 मेगाहर्ट्झ हा त्याचा आकडा जहाजाच्या ब्रिजवर पाळी करणाऱ्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. संकटात सापडलेल्याने तीनदा 'मेडे' म्हणायचं ते इथेच. एका जहाजाने दुसऱ्याला पहिली हाक मारायची तीही इथेच, आणि ओ मिळाली की पुढचं बोलणं दुसऱ्या चॅनलवर न्यायचं. टप्प्यातल्या सगळ्यांना ऐकू जावं म्हणूनच हे चॅनल ठेवलेलं आहे. त्याला ना कुलूप, ना सांकेतिक भाषा. मुंबईसमोर नांगर टाकून उभं असलेलं लायबेरियाच्या झेंड्याचं जहाज ते ऐकतं, आखातातून तेल घेऊन पूर्वेकडे निघालेला टँकर ऐकतो, तटरक्षक दलाची गस्ती नौका तर ऐकतेच ऐकते. ऐकायची उघड मुभा नाही ती फक्त वर्सोव्यात, हर्णैत किंवा मालवणात स्वतःच्या ओटीवर बसलेल्या माणसाला.

हा उलटा न्याय आहे. समुद्रावर सगळ्या जगाला ऐकू जाणारं बोलणं किनाऱ्यावरच्या नागरिकाने ऐकलं तर त्यात गुन्हा असू नये, आणि सरकारने तसं एकदाचं लिहून द्यावं, असं माझं म्हणणं आहे. बोलायला परवाना हवाच. ऐकायला नको.

आपल्याकडचा मूळ कायदा 1933 चा, इंडियन वायरलेस टेलिग्राफी अ‍ॅक्ट. परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणं हाच त्यात गुन्हा, मग ते यंत्र बोलणारं असो की नुसतं ऐकणारं. घरातल्या साध्या रेडिओलाही तो लागू होता. पोस्टात जाऊन रेडिओचं लायसन्स काढायचं, दरवर्षी पैसे भरून पुस्तिकेवर शिक्का मारून आणायचा, हे साठी ओलांडलेल्यांना आठवत असेल. ऐंशीच्या दशकात घरगुती रेडिओची त्यातून सुटका झाली, पण ती आकाशवाणी ऐकण्यापुरती. पुढे 2023 चा दूरसंचार कायदा आला. 1885 चा टेलिग्राफचा आणि 1933 चा असे दोन्ही जुने कायदे निकालात काढायचं ठरलं, नवा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होऊ लागला, पण दृष्टी जुनीच राहिली. रेडिओ उपकरण बाळगायचं तर सरकारची परवानगी हवी; आणि संदेश बेकायदा टिपला तर कलम 42 खाली 3 वर्षांपर्यंत कैद, 2 कोटी रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. आता सर्व जहाजांना उद्देशून मारलेली हाक कुणी किनाऱ्यावर ऐकली, तर तो संदेश बेकायदा टिपला असं म्हणायचं का? कायदा यावर सरळ बोलत नाही. आणि कायदा जिथे बोलत नाही तिथे ठाण्यातले साहेब बोलतात.

दरम्यान तंत्रज्ञान पार पुढे निघून गेलं. पूर्वी स्कॅनर, म्हणजे वेगवेगळ्या चॅनलांवरचं बोलणं ऐकणारा रेडिओ, हा परदेशातून आणलेला महागडा डबा असायचा. 2012 च्या सुमारास हौशी मंडळींच्या लक्षात आलं की डिजिटल टीव्ही पाहण्यासाठी बनवलेला, काडेपेटीएवढा यूएसबी डोंगल संगणकाला लावला आणि योग्य सॉफ्टवेअर चालवलं, तर साधारण 24 पासून 1,700 मेगाहर्ट्झपर्यंतचं जवळपास काहीही त्यावर ऐकता येतं. सागरी व्हीएचएफ, म्हणजे जहाजांचा बोलण्याचा पट्टा, 156 ते 162 मेगाहर्ट्झच्या आसपास, म्हणजे अगदी त्याच्या मांडीवर येऊन बसलेलं. आज असा डोंगल काही हजार रुपयांत मिळतो. विकत घेणाऱ्याला तो गुन्ह्याचं हत्यार वाटत नाही, आणि विकणाऱ्यालाही नाही. लाखोंच्या हातात पडू शकणारी वस्तू आणि नव्वद वर्षांपूर्वीची समजूत यांच्यामधल्या फटीत सध्या आपण उभे आहोत.

ऐकू काय येतं, हेही सांगायला हवं, कारण विरोध करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना वाटतं की चॅनल लावलं की नौदलाच्या मोहिमा कानावर पडतात. जहाजावर पाळी केलेल्या कुणालाही विचारा. बहुतेक वेळ खरखर. मग कुणीतरी बंदराच्या वाहतूक नियंत्रण कक्षाला विचारतो, जहाज बंदरात नेणारा पायलट किती वाजता चढणार. उत्तर येतं, शिडी डाव्या बाजूला लावा, पाण्यापासून इतक्या मीटरवर. कुणी नांगर टाकल्याची वर्दी देतो. समोर जाळं ओढत चाललेल्या ट्रॉलरला एखादं मोठं जहाज इंग्रजीत हाका मारत राहतं आणि ट्रॉलरवरचा तांडेल आपल्याच शेजारच्या बोटीशी कोळी बोलीत मासळीच्या भावाबद्दल बोलत असतो. चॅनल 16 वर अशा गप्पा मारायच्या नसतात. त्या मारल्या जातात ही आपल्या किनाऱ्यावरची जुनी तक्रार आहे. एकूण प्रकार कंटाळवाणाच. सुरक्षेची बोलणी होतात ती वेगळ्या, सांकेतिक यंत्रणेवर. ती साध्या स्कॅनरला ऐकू येत नाहीत आणि येऊही नयेत.

टप्प्याचंही तसंच. व्हीएचएफच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. समुद्रसपाटीवर हातात यंत्र धरून उभ्या असलेल्या माणसाला 25 मीटर उंच अँटेनाचं जहाज पंचवीसेक किलोमीटरपर्यंत ऐकू येईल. शंभर मीटरच्या टेकडीवर चढलात तर साठेक किलोमीटर. माथेरानच्या पठारावरून, मध्ये काही आडवं आलं नाही तर, सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. अरबी समुद्राची मात्र एक खोड आहे. उन्हाळ्यात पाण्यावरच्या हवेचे थर असे बसतात की लहरी क्षितिजाशी न थांबता त्यांच्यामधून वाकत पार जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईतल्या 200 मेगाहर्ट्झच्या रडारवर हजार मैलांहून दूरच्या अरबस्तानचे प्रतिध्वनी उमटत होते. रडारशास्त्राच्या पुस्तकांत ते उदाहरण अजून देतात. मुद्दा असा की समुद्रावर उघडं बोललेलं किती दूर जाईल यावर बोलणाऱ्याचा ताबाच नसतो. कुणी ऐकू नये असं काही असेल तर ते उघड्यावर बोलायचंच नाही, हा नियम जगभरच्या खलाशांना ठाऊक आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे येऊ. सुरक्षा. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर हा शब्द कुणी हलक्याने घेऊ शकत नाही. 1993 च्या फेब्रुवारीत रायगड जिल्ह्यात शेखाडीला आरडीएक्स उतरलं. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री पळवलेल्या 'कुबेर' बोटीतून आलेले दहा जण बधवार पार्कच्या मच्छीमार वस्तीत उतरले. पण या दोन घटना नीट पाहिल्या तर त्या माझ्याच बाजूने बोलतात. शेखाडीचा माल उतरला तो कस्टम्स आणि पोलिसांतले काही जण फितूर झाले म्हणून; टाडा न्यायालयाने त्यांना शिक्षाही दिल्या. कुणी रेडिओ ऐकल्याने ते घडलं नव्हतं. आणि 2008 साली त्या दहा जणांना किनाऱ्यावर सर्वात आधी पाहिलं ते कोळ्यांनी. त्यांना खटकलं, त्यांनी विचारपूसही केली. यंत्रणेला जाग यायच्या आधी वस्तीला संशय आला होता. त्यानंतर सरकारनेच म्हणायला सुरुवात केली की मच्छीमार हे किनारी सुरक्षेचे डोळे आणि कान आहेत. सागर रक्षक दलं उभी राहिली, 'सागर कवच'च्या कवायती होऊ लागल्या, 1093 हा किनारी पोलिसांचा क्रमांक आला, तटरक्षक दलाचा 1554 आला. डोळ्यांना कुणी झापड लावली नाही. कानांवर मात्र 1933 चा कायदा बसलेला आहे.

26/11 मधून कानांबद्दल एक धडा खरोखर घ्यायचा आहे, आणि तो वेगळाच आहे. ताज आणि ओबेरॉयसमोर वाहिन्यांचे कॅमेरे थेट प्रक्षेपण करत होते आणि कराचीत बसलेले सूत्रधार ते पाहून आतल्यांना फोनवर सूचना देत होते. सर्वोच्च न्यायालयाने 2012 च्या निकालात वाहिन्यांना त्यासाठी चांगलंच फटकारलं. 2015 मध्ये केबल टीव्हीचे नियम बदलले: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण नाही, नेमलेला अधिकारी ठरावीक वेळाने सांगेल तेवढंच दाखवायचं. लोकांनी खिडकीतून पाहू नये, असं मात्र त्या नियमात कुणी घातलं नाही. कुलाब्यातल्या गच्चीवर उभा असलेला माणूस गुन्हेगार ठरला नाही. पाहणं वेगळं आणि पाहिलेलं जगभर फेकणं वेगळं, हा फरक आपण टीव्हीच्या बाबतीत करून दाखवला आहे. रेडिओच्या बाबतीत तो करायला काय हरकत आहे?

मी हा फरक कडकपणे करायच्या मताचा आहे, आणि स्कॅनरच्या छंदातल्या काही जणांना ते आवडणार नाही. परदेशात बंदरांचं आणि पोलिसांचं रेडिओ-बोलणं चोवीस तास इंटरनेटवर ओतणाऱ्या सेवा आहेत. 26 मार्च 2024 ला बाल्टिमोरच्या पुलावर जहाज आदळलं तेव्हा काही सेकंदांत वाहतूक अडवणाऱ्या पोलिसांचं बोलणं अशाच संग्रहातून जगाने ऐकलं. त्या पोलिसांचं काम किती चोख होतं हे त्यामुळेच कळलं, हे खरं. तरीही आपल्याकडे कुणी चॅनल 16 थेट इंटरनेटवर सोडावं असं मला वाटत नाही. संकटात सापडलेला माणूस मदतीसाठी ओरडत असतो. त्याच्या बोटीचं नाव, बुडालेल्यांची संख्या, त्याचा तुटणारा आवाज हे त्याच्या बायकोला व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत आलेल्या क्लिपमधून कळावं, यापेक्षा वाईट काय असेल? 1994 च्या सप्टेंबरमध्ये बाल्टिक समुद्रात 'एस्टोनिया' ही प्रवासी बोट बुडाली, 852 माणसं गेली. त्या शेवटच्या मिनिटांचं रेडिओवरचं बोलणं आजही इंटरनेटवर करमणुकीसारखं ऐकलं जातं. चौकशी आयोगाला ते ध्वनिमुद्रण मोलाचं होतं. बाकीच्यांना ते कशाला हवं होतं, याचं उत्तर मला देता येत नाही.

अर्थात हा फरक काही माझा शोध नाही. टायटॅनिकइतकाच तो जुना आहे. 1912 च्या त्या रात्री काही मैलांवर 'कॅलिफोर्नियन' ही दुसरी बोट उभी होती, पण तिचा एकुलता एक रेडिओ ऑपरेटर झोपला होता. ऐकणारं कुणी नसलं की काय होतं ते जगाने पाहिलं, आणि जहाजांवर चोवीस तास रेडिओचा पहारा हवा हा विचार तिथून पक्का झाला. त्याच दिवसांत वर्तमानपत्रांत छापून आलं की प्रवासी सगळे सुखरूप आहेत आणि जहाज ओढून हॅलिफॅक्सला नेलं जात आहे. वेगवेगळे संदेश एकमेकांत मिसळून ही अफवा झाली असं मानलं गेलं आणि खापर हौशी रेडिओवाल्यांवरही फुटलं. चार महिन्यांत अमेरिकेने कायदा केला. त्यात प्रक्षेपण करणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. नुसतं ऐकणाऱ्यांना त्याची गरज पडली नाही. एवढ्या मोठ्या दुर्घटनेनंतर, इतक्या संतापातही, त्यांनी कान बंद केले नाहीत. पुढे 1986 मध्ये संदेशांच्या गोपनीयतेचा कायदा करताना अमेरिकेने स्पष्ट अपवाद लिहिला: सागरी आणि हवाई दळणवळण यंत्रणेवरचं उघडं बोलणं ऐकणं गुन्हा नाही, संकटातल्या जहाजांचं तर नाहीच.

ब्रिटनचा कायदा मात्र आपल्यासारखा, किंवा आपला त्यांच्यासारखा. आपल्यासाठी नसलेला संदेश ऐकणं तिथे 2006 च्या कायद्यानेही गुन्हाच आहे. पण त्याच ब्रिटनमध्ये 1994 ला कॉर्नवॉलच्या टोकाला, बास पॉइंट इथे, तटरक्षकांची पहाऱ्याची चौकी काटकसरीपायी बंद झाली होती आणि तिच्या नजरेच्या टप्प्यात दोन मच्छीमार बुडाले. गावकऱ्यांनी ती चौकी स्वतः उघडली. त्यातून 'नॅशनल कोस्टवॉच' ही स्वयंसेवकांची संस्था झाली. आज त्यांच्या पन्नासच्या वर चौक्या आहेत, निवृत्त शिक्षक, कारकून, खलाशी दुर्बीण आणि रेडिओ घेऊन पाळ्या करतात, चॅनल 16 ऐकतात, आणि सरकारने त्यांना बोलण्यासाठी चॅनल 65 सुद्धा दिलं. म्हणजे कडक कायद्याच्या देशालाही किनाऱ्यावरचे कान लागलेच. आपल्याकडे सागर रक्षक दलाच्या पोरांना टी-शर्ट, ओळखपत्र, शिटी मिळते. ऐकणारा एक साधा संच द्यायला काय लागतं?

आता थोडं हातचं राखून बोलतो, कारण स्कॅनरने सगळं साधेल असं कुणी सांगू लागलं तर ते खोटं आहे. 2011 च्या जुलै अखेरीस 'पवित' नावाचं जहाज जुहूच्या किनाऱ्याला येऊन लागलं. खलाशांनी ओमानजवळ सोडून दिलेलं ते हजार टनी धूड महिनाभर वाहत आलं आणि रडारच्या साखळीला पत्ता लागला नाही. ओसाड जहाज बोलत नाही. दहा हजार लोक स्कॅनर लावून बसले असते तरी 'पवित' कुणाला ऐकू आलं नसतं. ऑगस्ट 2022 मध्ये हरिहरेश्वरला लागलेल्या 'लेडी हान'चंही तेच. मस्कतजवळ संकटात सापडून सोडलेली नौका, आत तीन एके-47, आणि ती दिसली ती किनाऱ्यावरच्या माणसांना. तौक्ते वादळात 17 मे 2021 ला समुद्रातल्या तेलक्षेत्रावर काम करणाऱ्यांच्या पी-305 या बार्जवर 261 माणसं होती. ती मुंबईपासून साधारण सत्तर किलोमीटरवर होती. समुद्रकाठच्या घरात व्हीएचएफवर त्यांची हाक पोचलीच नसती. कान हे डोळ्यांना आणि रडारला पर्याय नाहीत. पण गस्ती नौका, रडार, उपग्रह एवढं सगळं असूनही दोनदा शेवटची खबर किनाऱ्यावरच्या माणसाने दिली, हे तरी लक्षात ठेवावं. ज्याच्या जागरूकतेवर यंत्रणा इतकी विसंबून आहे त्याला तिनं बहिरं ठेवू नये.

आणि एका जागी हे ऐकणं थेट जीव वाचवू शकतं. ती जागा म्हणजे छोटी होडी.

2017 च्या नोव्हेंबर अखेरीस ओखी वादळ आलं तेव्हा केरळ-तमिळनाडूचे मच्छीमार आधीच खोल समुद्रात होते. इशारा निघाला, पण समुद्रात असलेल्यांपर्यंत पोचला नाही. बरेच जण परतलेच नाहीत. साठाहून अधिक बोटी वाहत, हाकत आमच्या देवगडला येऊन लागल्या आणि सिंधुदुर्गातल्या लोकांनी त्यांना जेवूखाऊ घातलं. त्यानंतर उपग्रहावरून संदेश देणारी यंत्रं आली, 2024 च्या ऑगस्टमध्ये पालघरच्या कार्यक्रमात 1 लाख बोटींना ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उपग्रहामार्फत आपली जागा कळवणारं यंत्र, देण्याची योजना जाहीरपणे सुरू झाली. इस्रोने बनवलेलं संकटसूचक यंत्र त्याच्याही आधीपासून, 2010 पासून आहे. ही सगळी चांगली कामं आहेत आणि मी त्यांच्या विरोधात नाही. पण त्यांची वाट बघा कशी जाते. बोटीवरून उपग्रहाकडे, उपग्रहाकडून चेन्नई किंवा मुंबईच्या बचाव केंद्राकडे, तिथून गस्ती नौकेकडे. बुडणाऱ्यापासून दोन मैलांवर डोल जाळं लावून बसलेल्या शेजाऱ्याला यातलं काही कळत नाही. समुद्रावर वाचवतो तो बहुधा जवळचा. 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'ला नौदलाची स्पीडबोट धडकली, तेव्हा सर्वात आधी पोचल्या त्या आसपास असलेल्या बोटी. बंदराची पायलट बोट तिथून जवळ होती म्हणून पन्नासच्या वर माणसं तिच्यावर चढू शकली. रेडिओवरची हाक सगळ्यांना एकदम ऐकू जाते, एवढाच तिचा चमत्कार आहे आणि तो उपग्रहाच्या संदेशात नाही.

मोठ्या ट्रॉलरवर व्हीएचएफ संच असतो, तांडेलाला तो चालवता येतो. बिनछपराच्या एका इंजिनाच्या होडीवर तो नसतो. घेतला तर परवाना, कागद, हेलपाटे. तिच्यात नुसता ऐकणारा, घामट हातात धरता येईल असा, पाण्याने न बिघडणारा छोटा संच असता तर? बोलता येणार नाही, म्हणून चॅनल तुंबवणार नाही. खोटी हाक देता येणार नाही. पण तीन नंबरचा बावटा लागल्याचं, जवळ कुणी संकटात असल्याचं, आपल्या जाळ्याच्या पट्ट्यातून कंटेनर जहाज येत असल्याचं त्याला कळेल. वाढवणला बंदर झालं की डहाणूच्या समोरचा समुद्र आजच्यासारखा मोकळा राहणार नाही, आणि जहाजांनी जाळी तोडल्याच्या तक्रारी आतापासून ऐकायला मिळतात. अशा होडीला ऐकणारा संच फुकट वाटायला हवा. त्यासाठी परवाना मागणं म्हणजे विनोद आहे.

बावट्याचा विषय निघालाच म्हणून सांगतो. बंदरावर वादळाचा बावटा चढतो तो कुणासाठी? जहाजांसाठी, पण कोळीवाड्यातली म्हातारीही तो बघून चुलीवरचं उतरवून दर्यावर गेलेल्या मुलाची वाट बघायला निघते. दीपस्तंभाचा उजेड फक्त परवानाधारक कप्तानांनीच पाहावा असा फतवा इंग्रजांनीही काढला नाही. चॅनल 16 हा आवाजाचा बावटा आहे. तो बघायला परवानगी लागते म्हणणाऱ्यांनी निदान का, ते सांगावं.

जहाज कुठे आहे ही माहिती गुप्त ठेवावी असंही एकदा म्हणून झालं आहे. जहाजं आपलं नाव, जागा, वेग दर काही सेकंदांनी एआयएस या आपोआप ओळख सांगणाऱ्या यंत्रणेवर प्रक्षेपित करतात. 2004 च्या डिसेंबरमध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठराव केला की ही माहिती इंटरनेटवर टाकणं जहाजांच्या सुरक्षेला घातक आहे. आज काय स्थिती आहे? हौशी लोकांनी घरांच्या छपरांवर लावलेल्या अँटेनांतून उभी राहिलेली संकेतस्थळं जगभर आहेत; मुंबईच्या डॉकमधला एजंट, खलाशाची आई, मुंबईसमोरची जहाजं मोजणारा शाळकरी मुलगा आणि खुद्द बंदरांचे अधिकारी रोज ती उघडतात. त्यातून धोके आले नाहीत असं नाही. युद्धाच्या टापूत जहाजं एआयएस बंद करतात. पण जग बुडालं नाही, आणि आपल्या फोनवर जहाज दिसतं म्हणून कुणी कुणाला ठाण्यात नेत नाही. एकाच जहाजाचा आकडा पाहिला तर चालतो आणि आवाज ऐकला तर गुन्हा, याला काय तर्क?

सरकारला सूट द्यायचं वावडं आहे असंही नाही. 2018 मध्ये 446 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातले कमी शक्तीचे वॉकी-टॉकी परवान्यातून मोकळे केले गेले. ते तर बोलणारे संच आहेत. उलट 2025 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन दुकानांना बेकायदा वॉकी-टॉकी विकण्याबद्दल नोटिसा काढल्या, आणि ते मला योग्यच वाटतं. कुठल्याही पट्ट्यात बोलू शकणारं स्वस्त यंत्र बिनधास्त विकणं धोक्याचं आहे. बंदरात एखाद्याने गंमत म्हणून पायलटच्या चॅनलवर बटण दाबून धरलं तर पन्नास हजार टनांचं जहाज वळवताना काय होईल याची कल्पना करा. बोलण्यावर कारवाई कडक हवी. खोट्या 'मेडे'ला तर माफी नसावी. हे सगळं मान्य करूनही ऐकण्यावरचा धाक उठवता येतो, कारण ऐकणारा बटण दाबत नाही.

2004 च्या त्सुनामीच्या वेळी दिल्लीच्या हॅम, म्हणजे परवानाधारक हौशी रेडिओ ऑपरेटर भारती प्रसाद आपल्या सहकाऱ्यांसह योगायोगाने पोर्ट ब्लेअरला होत्या. अंदमानात अनेक वर्षांनी हॅम रेडिओला परवानगी मिळाली होती, तीही खूप पाठपुराव्यानंतर. बेटांचा संपर्क तुटला तेव्हा त्यांच्या संचावरून निरोप जाऊ लागले. सुरक्षेच्या नावाखाली ज्या छंदाला इतकी वर्षं अडवलं होतं, तोच त्या आठवड्यात कामाला आला. हा इतिहास दूरसंचार विभागाच्या दप्तरात कुठेतरी असेलच.

नव्या कायद्याच्या कलम 3 मध्ये केंद्र सरकारला लोकहितासाठी परवानगीच्या अटीतून सूट देण्याचा अधिकार आहे. संसदेत जायला नको, विधेयक नको. एक अधिसूचना पुरे. तिच्यात सागरी व्हीएचएफचे सर्वांसाठी खुले चॅनल, एआयएस आणि वेंगुर्ल्यासारख्या केंद्रांवरून 518 किलोहर्ट्झवर निघणारे नॅव्हटेक्सचे, म्हणजे जहाजांना मजकुरातून दिले जाणारे हवामानाचे आणि धोक्याचे, इशारे नुसते ऐकणारी उपकरणं मोकळी करावीत. ऐकलेल्याचं थेट प्रक्षेपण आणि संकटातल्या माणसांची ओळख फोडणं मात्र दंडनीय ठेवावं, निदान बचावकार्य संपेपर्यंत. कुणी 'मेडे' ऐकला आणि त्याला कुणी ओ देत नाही असं दिसलं, तर त्याने 1554 फिरवावा, आणि तिथे फोन उचलणाऱ्याने 'तुम्ही हे ऐकलंच कसं' असा प्रश्न विचारू नये, एवढी हमी त्या अधिसूचनेत हवी. तटरक्षक दलाचा याला विरोध असेल तर तोही मोघम नको. कुठला चॅनल किनाऱ्यावर ऐकू जाण्याने कुठलं काम अडतं, ते त्यांनी चॅनलचा नंबर घालून कळवावं. तेवढे चॅनल वगळून बाकीचे खुले करता येतील.